मागच्या बाकावरच्या बाई

(दृश्य: वडोदरा. सकाळच्या पाळीची शाळा. आठवीच्या वर्गाचं अर्धं उघडं दार.)

तिसरा तास सुरू झालाय. फळ्याच्या एका कोपऱ्यात तारीख, दुसऱ्या कोपऱ्यात पटसंख्या, मधोमध पाठाचं नाव. खडू घेऊन उभी असलेली मुलगी बावीस-तेवीसची असेल. पदर पिनांनी पक्का केलाय, तरी हात सारखा खांद्याकडे जातोय. परवापर्यंत ही मैत्रिणींबरोबर कॅन्टीनमध्ये बसणारी विद्यार्थिनी होती. आज पन्नास मुलांची ‘बेन’ झाली आहे.

मुलं तिच्याकडे बघतायत. ती मात्र मुलांच्या डोक्यांवरून पार मागे बघतेय.

मागच्या बाकावर एक बाई बसल्या आहेत. पुढ्यात वही, हातात लाल पेन. तास संपेपर्यंत त्या चकार शब्द काढणार नाहीत. नुसतं बघतील, मधूनच काहीतरी लिहितील. आणि त्यांचं पेन कागदावर टेकलं, की फळ्याजवळच्या त्या मुलीच्या पोटात गोळा येईल.

ज्यांनी डी.एड., बी.एड. केलंय, त्यांना या बाई कोण ते सांगायला नको. सराव पाठ घेताना मागे बसलेल्या बाई माणूस जन्मात विसरत नाही.

हा लघुपट त्या बाकाचा आहे. शिकवणाऱ्याच्या मागे असं कुणीतरी येऊन बसायला लागलं ते कुठून, याचा माग काढताना मी जाऊन पोचले ती लिव्हरपूलच्या एका कॉलेजच्या इतिहासात. कॅथॉलिक सिस्टरांनी १८५६ साली सुरू केलेलं, मुलींना शिक्षिका करणारं कॉलेज.

(दृश्य: दांडिया बाजारातलं घर. लोखंडी कपाट. जुनी, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही.)

आधी घरचं सांगते. माझी आई वडोदऱ्यात शिक्षिका होती. वाड्यात तिला सगळे ‘बाई’ म्हणायचे आणि शाळेत ‘बेन’. दोन्ही हाकांना ती सारखीच ओ द्यायची. दोन वर्षांपूर्वी कपाट आवरताना तिची बी.एड.ची पाठ-टाचणाची वही सापडली. १९७६ सालची. निळ्या शाईतलं तिचं गोल, सुबक अक्षर. आखलेले रकाने: उद्दिष्टं, शिक्षकाची कृती, विद्यार्थ्यांची कृती, फलकलेखन. पाठ क्रमांक १, विषय मराठी, इयत्ता सातवी.

आणि खाली लाल शाईत तीन ओळी.

‘फळ्याशी बोलू नका. मुलांशी बोला. शेवटच्या रांगेतल्या मुलीने दोनदा हात वर केला, तो तुम्हाला दिसला नाही.’

आईला मी ते वाचून दाखवलं, तर म्हणाली, “अगं, तो पाठ पार फसला होता माझा. घरी येऊन रडले होते. पण पुढे अठ्ठावीस वर्षं वर्गात शिरल्या शिरल्या मी पहिल्यांदा शेवटची रांग बघायचे.”

हे ऐकलं आणि हा लघुपट करायचाच असं ठरवलं.

(दृश्य: लिव्हरपूल बंदराची जुनी रेखाचित्रं. शिडाची जहाजं, धक्क्यावरची गर्दी.)

१८४५ मध्ये आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. गरिबाचं सगळं पोट बटाट्यावर होतं. पुढची काही वर्षं तिथल्या माणसांनी जे भोगलं, त्याला दुष्काळ हा शब्द अपुरा पडावा. उपाशी माणसं मिळेल त्या बोटीवर चढली आणि समोरच्या काठाला, लिव्हरपूलला उतरली. एकट्या १८४७ या वर्षात सुमारे ३ लाख. ज्यांच्याकडे पुढच्या तिकिटाचे पैसे होते ते अमेरिकेला गेले. ज्यांच्याकडे नव्हते ते लिव्हरपुलात राहिले, ओलीच्या तळघरांत, एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं.

ही माणसं कॅथॉलिक होती आणि देश प्रॉटेस्टंटांचा. इंग्लंडमधल्या कॅथॉलिकांना पार्लमेंटात बसायचा हक्क मिळाला तोच मुळी १८२९ मध्ये. म्हणजे गरिबी होतीच, वर परकेपण. चर्चशेजारच्या खोल्यांत शाळा उघडल्या, बाकं आली, मुलंही आली. पण शिकवणार कोण?

इथे त्या काळची एक पद्धत समजून घ्यायला हवी. १८४६ पासून इंग्लंड सरकारने ‘पोरवयातले शिक्षक’ तयार करायला सुरुवात केली. तेरा वर्षांचा हुशार मुलगा किंवा मुलगी शाळेतच उमेदवारीला ठेवायची. पाच वर्षं. दिवसा धाकट्या मुलांना शिकवायचं आणि शाळेच्या वेळेबाहेर मुख्याध्यापकांकडून स्वतः शिकायचं. पहिल्या वर्षी १० पौंड, पाचव्या वर्षी २०. अठरा वर्षांचे झाले की राणीच्या नावाने असलेल्या शिष्यवृत्तीची परीक्षा द्यायची आणि उत्तीर्ण झालात, तर अध्यापक विद्यालयात दाखल व्हायचं. तिथून मिळालेलं प्रमाणपत्र म्हणजे पक्की शिक्षिका.

सुताराच्या, गवंड्याच्या हाताखाली पोरगं लावतात, तसाच हा मामला. मला ही पद्धत आवडते आणि तिची भीतीही वाटते. आवडते, कारण गोदी कामगाराच्या मुलीलाही तिच्यातून वर यायला वाट होती. भीती वाटते, कारण तेरा वर्षांच्या पोरीच्या अंगावर साठ मुलांचा वर्ग टाकणं ही काही साधी गोष्ट नाही.

कॅथॉलिक मुलींची वाट मात्र अठराव्या वर्षी येऊन थांबायची. पुढचं कॉलेजच नव्हतं. होती ती दुसऱ्या पंथांची. कॅथॉलिकांच्या गरीब शाळांसाठी १८४७ मध्ये एक समिती स्थापन झाली. तिने पुरुषांसाठी १८५० मध्ये लंडनजवळ हॅमरस्मिथला सेंट मेरीज कॉलेज काढलं. मुलींसाठी काहीतरी करायला आणखी सहा वर्षं गेली. आणि ते काम ज्यांच्याकडे आलं, त्या सिस्टर मूळच्या इंग्लंडच्या नव्हत्याच.

(दृश्य: एका खेड्याचं चित्र. खाटेवर पडलेली बाई, भोवती मुलं.)

फ्रान्समधल्या कुविली नावाच्या खेड्यात १७५१ साली ज्यूली बिलियार्त जन्मल्या. ऐन तरुणपणी पाय गेले. बावीस वर्षं त्यांना चालता येत नव्हतं. गावातली मुलं खाटेभोवती जमायची आणि त्या पडल्या पडल्या त्यांना धर्माचे धडे सांगायच्या. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्यांच्या जिवावर बेतलं, तेव्हा गवताच्या गाडीत लपवून त्यांना गावाबाहेर काढावं लागलं. १८०४ मध्ये त्या पुन्हा चालू लागल्या आणि त्याच वर्षी आम्येन शहरात फ्रान्स्वाझ ब्लँ द बुर्दों या मैत्रिणीबरोबर त्यांनी सिस्टरांचा संघ काढला. काम एकच: गरिबांच्या मुलींना शिकवणं. पुढे हा संघ बेल्जियमच्या नामूर शहरात गेला आणि ‘नोत्र दाम द नामूर’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९६९ मध्ये पोपनी ज्यूलींना संतपद दिलं.

खाटेवरून शिकवणाऱ्या बाईंच्या संघाने शिक्षिका घडवायचं कॉलेज काढावं, यात मला काही नवल वाटत नाही. मुलांना जवळ कसं बोलवायचं, आवाज न चढवता त्यांना धरून कसं ठेवायचं, हे त्या बावीस वर्षांत त्यांनी केवढं तरी ताडून बघितलं असणार.

१८४५ मध्ये या सिस्टर इंग्लंडात आल्या, १८५१ मध्ये लिव्हरपुलात. आणि १८५६ मध्ये माउंट प्लेझंट या रस्त्यावर त्यांचं अध्यापिका विद्यालय उघडलं. प्राचार्या होत्या सिस्टर मेरी ऑफ सेंट फिलिप. घरचं नाव फ्रान्सिस लेशर, जन्म १८२५ चा. म्हणजे तिशी नुकतीच ओलांडलेली बाई. त्याच वर्षी दक्षिणेत सेंट लेनर्ड्स गावी दुसऱ्या एका संघानेही असंच कॉलेज काढलं होतं, पण ते काही वर्षांतच बंद पडलं. माउंट प्लेझंट टिकलं.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण माझाही होता. कॅथॉलिक कॉलेज म्हटल्यावर मला वाटलं, तिथे सिस्टर तयार होत असतील. तसं नव्हतं. शिकवणाऱ्या सिस्टर होत्या, शिकणाऱ्या बहुतेक जणी साध्या घरच्या मुली. प्रमाणपत्र घेऊन त्या पगाराची नोकरी करायच्या. स्वतःच्या पगाराची. १८५६ साली.

आणि सगळा कारभार बायकांच्या हातात. प्राचार्या बाई, शिकवणाऱ्या बायका, वसतिगृह बघणाऱ्या बायका. त्या वेळी इंग्लंडमधलं एकही विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नव्हतं. लंडन विद्यापीठाने ते दार उघडलं १८७८ मध्ये, म्हणजे माउंट प्लेझंट सुरू झाल्यावर बावीस वर्षांनी.

(दृश्य: रिकामा वर्ग. पायऱ्या-पायऱ्यांची बाकं.)

आता तो बाक.

त्या काळच्या अध्यापक विद्यालयांना जोडून एक सरावाची शाळा असायची. खऱ्या मुलांची, खऱ्या गोंगाटाची. विद्यार्थिनीने तिथे जाऊन पाठ द्यायचा. आणि ठरलेल्या दिवशी तिच्या सगळ्या सोबतिणी आणि शिकवणाऱ्या बाई समोर बसून तो पाठ ऐकणार, मग एकेकजण उठून सांगणार, काय जमलं, काय हुकलं. याला टीकापाठ म्हणायचे. ही रीत लिव्हरपूलची नव्हे. डेव्हिड स्टो नावाच्या शिक्षणवेड्या माणसाने १८३७ मध्ये ग्लासगोत अध्यापकांसाठी शाळा उभारली होती, तिथून ती पसरली.

पाठ पुष्कळदा वस्तूवरून असायचा. मीठ, कोळसा, लोकर, काच. वस्तू हातात घ्यायची, मुलांना दाखवायची, स्पर्श करू द्यायचा, प्रश्न विचारत पुढे जायचं. आपल्याकडे अध्यापनाच्या पुस्तकांतून हाच प्रकार ‘वस्तुपाठ’ म्हणून आला. आज आपण एखाद्याच्या आयुष्याला वस्तुपाठ म्हणतो. वर्गात तो शब्द शब्दशः खरा होता, हातात मिठाचा खडा धरून दिलेला पाठ.

कल्पना करा. आयरिश बापाची, लिव्हरपुलातच वाढलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. पुढ्यात गोदीवाल्यांची मुलं. समोर सगळ्या जणी कान टवकारून. तिचा आवाज कसा फुटला असेल? पण दुसऱ्या बाजूनेही बघा ना. तिच्या आईचं बोलणं आयुष्यात कुणी दहा मिनिटं लक्ष देऊन ऐकलं नसेल. तिचं मात्र वीसजणी ऐकतायत, लिहून घेतायत. तिने दिलेला पाठ सुधारण्याच्या लायकीचा आहे, असं कुणाला तरी वाटतंय. त्या बाकाची धास्ती मला कळते, पण त्याचा मान जास्त मोठा वाटतो.

(दृश्य: जुन्या हिशेबाच्या वहीची पानं.)

सुरुवातीची वर्षं बरी गेली आणि १८६२ मध्ये सरकारने नियम बदलले. यापुढे शाळेला अनुदान निकालावर. एका मुलाची हजेरी पुरेशी असेल तर ४ शिलिंग. वाचन, लेखन, गणित यांतल्या प्रत्येक परीक्षेत मूल पास झालं तर २ शिलिंग ८ पेन्स. तीनही विषय मिळून ८ शिलिंग. मूल नापास, की पैसे गेले.

परिणाम कुणालाही सांगता येईल. निरीक्षक यायचे त्या दिवशी आजारी मुलंही वर्गात आणून बसवायची. जे परीक्षेत नाही ते शिकवायचं नाही. उमेदवारीला पोरं लागेनाशी झाली आणि अध्यापक विद्यालयांचे पैसेही आटले. सिस्टर मेरी यांनी त्याही काळात कॉलेज चालू ठेवलं. १८७० मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, गावोगाव शाळा निघाल्या, शिक्षिकांना मागणी आली आणि तग धरून राहिलेल्या कॉलेजांचे दिवस पालटले. १८९५ मध्ये याच संघाने ग्लासगोतही कॅथॉलिक अध्यापिका विद्यालय उघडलं.

एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. हे सगळं धर्मासाठीही होतं. आपली मुलं आपल्याच शिक्षकांच्या हाताखाली वाढावीत, त्यांची श्रद्धा टिकावी, हा हेतू कुणी लपवला नव्हता. त्या हेतूशी माझं देणंघेणं नाही. पण त्यापायी एका उपेक्षित वस्तीला स्वतःच्या शिकलेल्या बायका मिळाल्या, हे मी डोळ्याआड करू शकत नाही. सावित्रीबाई फुल्यांनीही शिक्षिका होण्याचे धडे घेतले ते अहमदनगरला, सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंकडे. शिकवायचं कसं हे बाईने बाईकडून शिकण्याची आपल्याकडची सुरुवातही तिथेच कुठेतरी आहे.

(दृश्य: वडोदरा. न्यायमंदिर, सुरसागर, सकाळची रहदारी.)

वडोदऱ्याला येऊ. इथे शिक्षकांची गरज वेगळ्या दिशेने आली, वरून.

१८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला. गोपाळराव. त्याला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढच्या सहा वर्षांत मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी असं सगळं त्याला मुळापासून शिकवलं गेलं. १८८१ च्या डिसेंबरात कारभार हाती घेतला तेव्हा तो महाराजा सयाजीराव गायकवाड झाला होता. उशिरा अक्षरओळख झालेल्या माणसाला शिक्षकाची किंमत किती कळते, हे त्यांच्या पुढच्या कारकिर्दीत पानोपानी दिसतं. १८९३ मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करून पाहिलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. मुलींनाही.

हुकूम निघाला, शाळा निघाल्या, पण लिव्हरपूलचाच प्रश्न इथेही उभा राहिला. शिकवणार कोण? त्यातून मुलींना? बापलोक पुरुष मास्तरांच्या वर्गात मुली पाठवायला तयार नाहीत, आणि शिकलेली बाई शोधून सापडत नाही. लग्नं नवव्या-दहाव्या वर्षी. म्हणून त्या काळच्या हिंदुस्थानात शिक्षिका व्हायला पुढे आल्या त्या बहुधा विधवा बायका, नाहीतर मास्तरांच्या बायका. बडोद्यात स्त्रियांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघालं. आमच्या जुन्या वस्तीत अजूनही एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी ‘ट्रेण्ड बाई’ हा शब्द येतो. ट्रेण्ड, म्हणजे ट्रेनिंग झालेली. तो म्हणताना आवाज थोडा खाली येतो, आदराने.

१९३५ मध्ये इथे माध्यमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं, हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या, आणि ते कॉलेज शिक्षणशास्त्राची विद्याशाखा बनलं. १९६३ मध्ये तिथेच शिक्षणाच्या प्रगत अभ्यासाचं केंद्र आलं.

त्याच वर्षी अमेरिकेत स्टॅनफर्डला एक प्रयोग चालू होता. पूर्ण तास न घेता पाच मिनिटांचा पाठ घ्यायचा, चार-पाच जणांपुढे, एकाच कौशल्यावर. प्रश्न विचारणं, उदाहरण देणं, फळ्यावर लिहिणं. झाला की चर्चा, मग तोच पाठ पुन्हा. सूक्ष्म अध्यापन. सत्तरच्या दशकात भारतात यावर जे संशोधन झालं, त्यात वडोदऱ्याचं हे केंद्र अगदी पुढे होतं. बी. के. पासी यांनी इथे ते काम केलं आणि पुढे ते इंदूरला गेले, तेव्हा कामही तिकडे गेलं.

आईने हे पाठ घेतलेत. “पाच मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटतं,” ती म्हणते. “पण पाच मिनिटांत नुसते प्रश्न विचारून दाखव बघू. उत्तर स्वतःच सांगून टाकायचा मोह आवरत नाही.”

(दृश्य: फतेहगंज. शाळा सुटण्याची वेळ. रिक्षांची रांग.)

वडोदऱ्यातल्या मराठी घरांना कॅथॉलिक शाळा परक्या नाहीत. प्रतापगंजातली रोझरी, फतेहगंजातली जीझस अँड मेरी. प्रत्येक वाड्यात कुणीतरी तिथे शिकलेलं असतं. जीझस अँड मेरीच्या सिस्टरांचा संघ १८१८ मध्ये फ्रान्समधल्या लिओंला क्लोदीन तेवने यांनी काढला. १८४२ मध्ये त्या सिस्टर आग्र्याला आल्या, आणि १९०४ मध्ये त्यांनी सिमल्याला सेंट बीड्स कॉलेज काढलं. सुरुवातीला तेही शिक्षिका तयार करणारं कॉलेज होतं. आणि मुंबईत जेझुइट पाद्र्यांनी १९५३ मध्ये सेंट झेवियर्सची शिक्षणशास्त्र संस्था सुरू केली.

ज्या वर्षी सिमल्यात कॉलेज निघालं, त्याच वर्षी लिव्हरपुलात सिस्टर मेरी ऑफ सेंट फिलिप वारल्या. जवळजवळ पन्नास वर्षं त्या माउंट प्लेझंटशी बांधलेल्या होत्या.

पुढचं शतक भराभर सांगते. १९६० मध्ये दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा झाला. मग बी.एड.ची पदवी आली. सत्तरच्या दशकात इंग्लंडात जन्मदर घसरला, शिक्षक कमी लागायला लागले, आणि एकामागून एक अध्यापक विद्यालयं बंद झाली, नाहीतर एकमेकांत मिसळली. माउंट प्लेझंटचं कॉलेजही एकटं उरलं नाही. १९८० च्या सुमारास ते शहरातल्या दुसऱ्या कॅथॉलिक कॉलेजाबरोबर सेंट कॅथरिन्स या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या, कॉलेजाशी जोडलं गेलं. ज्या शहरात दोन पंथांची मुलं एकमेकांवर दगड घेऊन धावायची, तिथे दोन्ही पंथांच्या अध्यापक विद्यालयांचा संसार एक झाला. आज त्याचं नाव लिव्हरपूल होप विद्यापीठ. शहरात होप स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. एका टोकाला कॅथॉलिक कॅथेड्रल, दुसऱ्या टोकाला अँग्लिकन.

(दृश्य: पुन्हा आठवीचा वर्ग.)

तास संपायला चार मिनिटं आहेत. फळा निम्मा भरलाय, शेवटची ओळ जराशी उतरती झाली आहे. ती मुलगी आता मागे बघत नाही. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने उलटा प्रश्न विचारलाय, आणि त्याचं उत्तर तिच्या टाचणात नाही. ती थांबते. खडू दुसऱ्या हातात घेते. मग वर्गालाच विचारते, “तुम्हाला काय वाटतं?”

पाच-सहा हात वर होतात.

मागच्या बाकावर लाल पेन चालू आहे.

घंटा होते. मुलं उठतात, गलका होतो. बाई हळूहळू उठतात आणि व्हरांड्यात येऊन थांबतात. ती मुलगी फळा पुसते, हात झटकते, वही छातीशी धरून त्यांच्या मागोमाग बाहेर जाते. दोघी खांबाशी उभ्या आहेत. वही उघडलेली. बाई बोटाने एक ओळ दाखवतायत, ती मान डोलावतेय.

तिथवर आम्ही माइक नेला नाही.